स्वमग्न विद्यार्थी आणि महाविद्यालयातील मोकळे स्वाध्याय

सुरत शहराच्या दक्षिण भागात, उधना रेल्वे स्थानकाच्या पुढे, पांडेसरा ही औद्योगिक वसाहत आहे. कापड रंगविण्याच्या आणि छापण्याच्या येथील कारखान्यांत रोजगार मिळतो म्हणून धुळे, नंदुरबार व जळगाव जिल्ह्यांतील अनेक मराठी कुटुंबे या परिसरात स्थायिक झाली आहेत. बारा-बारा तासांची पाळी करणाऱ्या या कामगारांची मुले आता महाविद्यालयाची पायरी चढू लागली आहेत. अशा घरातून महाविद्यालयात पोहोचलेला मुलगा वा मुलगी स्वमग्न असेल, तर त्यांना लेखी परीक्षेपेक्षाही एक वेगळी गोष्ट अधिक अडविते. ती म्हणजे ‘आपल्या परिसरातील एखाद्या प्रश्नावर प्रकल्प लिहून आणा’ अशा धर्तीचा मोकळा स्वाध्याय.

स्वमग्नता हा आजार नव्हे, आणि आळस तर नव्हेच. मेंदूच्या जडणघडणीतील तो जन्मापासूनचा वेगळेपणा होय. स्वमग्न व्यक्ती सहसा शब्दांचा सरळ अर्थ घेते. न बोललेले, केवळ सुचविलेले तिला आपोआप उमगत नाही. एखाद्या विषयात ती फार खोल उतरते, पण एका कामातून दुसऱ्या कामाकडे वळणे तिला जड जाते. सर्वांत ही लक्षणे सारखी नसतात. काहींना बोलणेही कठीण असते, तर काही पदवीपर्यंत सहज मजल मारतात.

मोकळ्या स्वाध्यायात नेमके न बोललेलेच अधिक असते. परिसर म्हणजे गल्ली की संपूर्ण शहर? ‘एखादा प्रश्न’ शेकडोंतून कसा निवडावा? पाने किती, माहिती पुस्तकातील की लोकांना विचारून मिळविलेली, स्वतःचे मत मांडावे की नाही? इतर विद्यार्थी या गोष्टी मागील वर्षाच्या वह्या पाहून किंवा वर्गमित्रांशी बोलून ताडतात. स्वमग्न विद्यार्थ्याला हा मार्ग बहुधा बंद असतो. मग विषय ठाऊक असूनही पहिली ओळ लिहिली जात नाही. किंवा चार पानांच्या जागी चाळीस पाने होतात आणि मुदत टळते. अंतर्गत गुण जातात, आणि घरी ‘मुलगा अभ्यासच करीत नाही’ असा समज होतो. वास्तविक ‘मनाने लिहा’ असे सांगणाऱ्या अध्यापकांच्या मनात उत्तराचा आराखडा बरेचदा तयारच असतो. तो कागदावर उतरविला जात नाही, इतकेच.

हाच स्वाध्याय पुढीलप्रमाणे देता येईल: ‘पांडेसरा येथील कारखान्यांतील पाळ्या व कामगारांची झोप. आपल्या गल्लीतील पाच घरांना हेच सहा प्रश्न विचारा. उत्तरांचा तक्ता एक पान, त्यावरून काय दिसते ते दोन पाने, स्वतःचे मत अर्धे पान. प्रश्नावली सोमवारी दाखवा, तक्ता पुढील सोमवारी.’ यात विद्यार्थ्याचा विचार कोठेही कमी झालेला नाही. त्याला उभे राहण्यास जमीन मिळाली आहे. पूर्वीच्या वर्षीचा एखादा चांगला प्रकल्प नमुना म्हणून दाखविल्यास आणखी सोपे होते. अशा सूचनेचा लाभ वर्गातील इतरांनाही होतो, असा अनुभव येण्यास वेळ लागणार नाही.

अध्यापकांनी असे लिहून दिले नाही, तर विद्यार्थ्याने स्वतः दोन विषय निवडून ‘यांपैकी कोणता चालेल?’ असे चिठ्ठीवर लिहून विचारावे. सर्वांसमोर तोंडी विचारण्यापेक्षा हे अनेकांना सुकर वाटते. आरंभ प्रस्तावनेपासूनच करावा असा नियम नाही. जो भाग ठाऊक आहे तो आधी लिहावा. एका खोलीच्या घरात, जेथे रात्रपाळीचा माणूस दिवसा झोपलेला असतो आणि शेजारचा दूरदर्शन संच चालू असतो, तेथे लिहिणे अशक्यच. अशा वेळी ग्रंथालयातील ठराविक जागा व ठराविक तास उपयोगी पडतात. पालकांना स्वतः लिहिता-वाचता येत नसले, तरी ‘आज कोणता तुकडा झाला?’ एवढे विचारणे त्यांच्या हाती आहे.

या सोयी म्हणजे मेहेरबानी नव्हे. १९९५ च्या अधिनियमातील दिव्यांगत्वाच्या यादीत स्वमग्नता नव्हती. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत तिचा समावेश झाला. शासनमान्य व अनुदानित शिक्षणसंस्थांत प्रत्येकाच्या गरजेनुसार वाजवी सोय मिळावी, तसेच अभ्यासक्रम व परीक्षापद्धतीत योग्य ते बदल व्हावेत, अशी तरतूद त्यात आहे. शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांतील किमान ५ टक्के राखीव जागांसाठी ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असावे लागते. वाजवी सोयीसाठी मात्र ही अट लावता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार प्रकरणात स्पष्ट केले.

प्रमाणपत्रासाठी कुटुंबाचे वास्तव्य जेथे असेल त्या जिल्ह्यात अर्ज करावा. अठरा वर्षे उलटल्यानंतरही तो करता येतो. त्यासोबत मिळणारे वैश्विक ओळखपत्र देशभर ग्राह्य असल्याने, सुरतेत काढलेले ओळखपत्र पुढे धुळ्याच्या महाविद्यालयातही चालते.