सपाट गावातली डोंगराची वारी

कोतोत राहणाऱ्या आपल्या माणसाला 'इथे चढ कुठे आहे हो?' असं विचारलं, तर तो बहुधा नदीवरच्या पुलाकडे बोट दाखवील. त्याचं काही चुकत नाही. सुमिदा आणि आराकावा ह्या दोन नद्यांमधला हा भाग. बराचसा खाडी भरून केलेला. त्यात विसाव्या शतकात कारखान्यांनी जमिनीखालचं पाणी इतकं उपसलं की जमीन खचत गेली आणि कोतोचा काही भाग आज समुद्रसपाटीच्याही खाली आहे. म्हणजे पुण्याची पर्वती राहो, इथे साधी टेकडीसुद्धा नाही!

सोय मात्र सगळी आहे. ओजिमा असो की तोयोसु, घर दहाव्या मजल्यावर आणि लिफ्ट दारात. दुकान कोपऱ्यावर, सायकल खाली उभी, रस्ता तळहातासारखा. कुठेही दम लागत नाही. आणि दम लागत नाही हीच आपली खरी अडचण आहे.

जपानमध्ये नोकरी करणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा तपासणी होते. शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखा कागद हातात येतो. 2008 पासून चाळिशी ओलांडलेल्यांच्या तपासणीत कंबरही मोजतात: पुरुषांना 85 सेंटिमीटर आणि बायकांना 90 ही मर्यादा. तिच्यापुढे कंबर गेली आणि जोडीला रक्तदाब, साखर वाढलेली निघाली, की 'मेताबो' हा शिक्का बसतो. आमच्या चार-पाच कुटुंबांत एका वर्षी असे तीन कागद आले. त्यांतला एक तर अगदी सडपातळ गृहस्थांचा! वहिनी म्हणाल्या, "अहो, ह्यांना साखर कशी होईल? ह्यांच्या अंगावर आहे काय?"

ह्या प्रश्नाचं उत्तर आपल्या पुण्यातच मिळतं. के. ई. एम. हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांनी 'बारीक पण चरबीदार' भारतीय शरीरावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. 2004 साली 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन ह्यांचा फोटो शेजारी शेजारी छापून आला. दोघांच्या उंची-वजनाचं गुणोत्तर, म्हणजे बी.एम.आय., तंतोतंत सारखा: 22.3. पण शरीरातली चरबी? युडकिनसाहेबांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के! साहेब मॅरेथॉन धावणारे, हा फरक होताच. तरी मुद्दा असा की आपली चरबी वजनकाट्यावर दिसत नाही, ती पोटात लपून बसते. मधुमेह आणि हृदयविकार आपल्याला इतरांपेक्षा कमी वजनावर आणि कमी वयात गाठतात, ते ह्यामुळे. परदेशात चाळिशीतला कर्ता माणूस अंथरुणाला खिळला, तर त्या घराचं काय होतं, हे आपल्यापैकी कुणाला सांगायला नको.

मग उपाय? जिमची वर्गणी भरून झाली होती. जानेवारीत उत्साह, मार्चमध्ये कारणं. म्हणून आम्ही ठरवलं, की महिन्यातून एकदा, दुसऱ्या रविवारी, डोंगर. बाकीचे दिवस कोतोतच चालायचं.

डोंगर निवडला ताकाओ. तोक्योच्या पश्चिमेला, उंची 599 मीटर. ओजिमाहून तोएइ शिंजुकु लाइन पकडायची, शिंजुकुला केइओ लाइनची गाडी घ्यायची, की सगळं मिळून साधारण दीड तासात पायथा. तिथून माथ्यापर्यंत सुमारे चारशे मीटरचा चढ. पहिल्या क्रमांकाची वाट फरसबंद, आजीआजोबांनाही जमेल अशी. सहाव्या क्रमांकाची वाट ओढ्याच्या काठाने जाते आणि शेवटी पाण्यातल्या दगडांवर पाय ठेवत चढते. पोरांची ती लाडकी. गुडघे कुरकुरले, तर 1927 पासून चालू असलेली केबल कार आहेच. वाटेत याकुओ-इन हे बौद्ध देवस्थान लागतं, त्याची स्थापना 744 सालची सांगतात. आकाश स्वच्छ असेल तर माथ्यावरून फुजी दिसतो. हिवाळ्यात बहुधा दिसतो, उन्हाळ्यात बहुधा दडी मारतो.

कुणी म्हणेल, "एवढ्याशा टेकडीचं काय कौतुक? एकदा फुजीच करू की!" जरूर करा. 3776 मीटरचा फुजी आयुष्यात एकदा करण्यासारखा आहेच. पण फुजीचा मोसम जुलै ते सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंतचा, म्हणजे दोन-सव्वादोन महिन्यांचा. त्याने फोटो मिळतो, सवय लागत नाही. आपल्याकडे सिंहगडावर दर रविवारी जाणारी माणसं पाहा. त्यांना कुणी गिर्यारोहक म्हणत नाही. वर जातात, पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खातात, उतरतात आणि सोमवारी कामावर हजर. वारकरी तर विठोबाला भेटायला आळंदीहून पंढरपूरपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर चालतात आणि पुढच्या आषाढीला पुन्हा निघतात. 'ह्या वर्षी मूड नाही' असं वारीत म्हणत नसतात. नेम म्हणजे हेच. डोंगर लहान असला तरी चालेल, नेम मोडता कामा नये.

गंमत म्हणजे नेमाने चालणाऱ्यांचा वारसा खुद्द कोतोतच आहे. कवी मात्सुओ बाशो इथल्या फुकागावात राहत होते. 1689 साली ते इथूनच उत्तरेच्या त्या प्रसिद्ध प्रवासाला निघाले आणि सुमारे 2400 किलोमीटरची वाट केली. त्याहून आम्हाला जवळचे वाटतात ते इनो तादाताका. साके गाळण्याचा धंदा सांभाळणारे हे व्यापारी. पन्नाशीच्या उंबरठ्यावर धंदा मुलावर सोपवून फुकागावात आले, आपल्यापेक्षा लहान गुरूकडे खगोलशास्त्र शिकले आणि 1800 साली, वयाच्या 55व्या वर्षी, पावलं मोजत होक्काइदोकडे निघाले! पुढे 1816 पर्यंत मोहिमांमागून मोहिमा काढून त्यांनी जपानचा किनारा मोजला. प्रत्येक मोहिमेआधी ते तोमिओका हाचिमान देवळात दर्शन घेत. आज त्या देवळाच्या आवारात त्यांचा पुतळा आहे. पाऊल पुढे टाकलेला, जणू निघालाच. 'आता ह्या वयात काय चालायचं?' असं म्हणणाऱ्याने एकदा त्या पुतळ्यासमोर उभं राहून यावं.

पावलं मोजण्याचं यंत्रही जपाननेच लोकप्रिय केलं. तोक्यो ऑलिंपिकनंतर 1965 साली 'मान्पो-केइ', म्हणजे 'दहा हजार पावलांचं मीटर', बाजारात आलं. दहा हजार हा आकडा तिथून जगभर गेला. शास्त्र मात्र थोडं उदार आहे. अमेरिकेतल्या सुमारे 17 हजार वयस्क स्त्रियांच्या 2019 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रोज 2700 पावलं चालणाऱ्यांपेक्षा 4400 चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण स्पष्टपणे कमी दिसलं, आणि 7500 च्या पुढे फायदा फारसा वाढला नाही. तेव्हा दहा हजारांच्या धाकाने घरी बसू नका. सेन्दाइबोरी कालव्याकाठची बाग साडेतीन किलोमीटरांहून लांब आहे. संध्याकाळी तिथे एक फेरी मारली, की त्या दिवसाचा हिशेब पुरा.

इतकं सगळं शरीराचं झालं. मनाचं काय? कर्ता माणूस रात्री दहाला घरी येतो, मुलं जपानीत भांडतात आणि आई दिवसभर चार भिंतींत मराठी बोलायला माणूस शोधते, हे चित्र अनेक घरांत आहे. डोंगरावर ते थोडं बदलतं. चढताना कुणी मोबाइल बघत नाही. दोन वहिनी मागे राहून जे बोलतात, ते हॉलमधल्या गणपतीच्या कार्यक्रमात कधी बोलल्या नसत्या. बारा वर्षांचा मुलगा बाबांच्या पुढे जातो आणि थांबून हात देतो. आणि लोकलमध्ये शेजारच्याकडे न पाहणारे हेच जपानी लोक डोंगरात प्रत्येकाला हसून 'कोन्निचिवा' म्हणतात! एका दिवसात पन्नास अनोळखी माणसांचा नमस्कार घेऊन घरी यायचं, हे परक्या देशात औषधासारखं आहे. जपानच्या वनखात्याने 1982 साली ह्याला 'शिनरिन-योकु', म्हणजे वनस्नान, असं नाव दिलं. पुढच्या संशोधनांत शहरात चालण्यापेक्षा जंगलात चालल्यावर नाडीचा वेग आणि ताणाचं संप्रेरक कमी झालेलं आढळलं. 2016 पासून तर 11 ऑगस्टला 'डोंगर दिन' म्हणून सरकारी सुटीच असते.

निघण्यापूर्वी चार गोष्टी. हृदयविकार असेल किंवा साखरेची औषधं चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा आणि खिशात साखरेच्या गोळ्या ठेवा. बूट पकड असलेले हवेत. गुडघे चढण्यापेक्षा उतरताना जास्त दुखतात. डिसेंबरात साडेचारला सूर्य मावळतो, म्हणून सकाळी लवकर निघा. जुलै-ऑगस्टच्या दमट उन्हात शक्य तितक्या उंचावर आणि सावलीच्या वाटेने जा. नोव्हेंबरात लाल पानं बघायला ताकाओवर जत्रा लोटते. त्या महिन्यात 877 मीटरचं त्सुकुबा किंवा 929 मीटरचं मिताके गाठा. मिताकेच्या बाजूला जाताना पिशवीला घंटा बांधा, तिथल्या जंगलात अस्वलं आहेत.

डब्यात काय न्यायचं हे सांगायला नकोच. थालीपीठ, दशम्या, लसणाची चटणी. फक्त एक विनंती: चढून आल्याच्या आनंदात वर चार-चार लाडू खाऊ नका, नाहीतर ज्या कागदासाठी चढलो तो तसाच राहायचा!

मंडळी, पहिल्या रविवारी सगळे येणार नाहीत. दोन घरं आली तरी निघा. दुसऱ्या महिन्यात तीन होतील. कुणी नाहीच आलं, तर नवरा-बायको दोघंच जा. डोंगर कुठे जात नाही. दुसरा रविवार तेवढा कॅलेंडरवर आजच लाल करून ठेवा.