लोणारचा चिखल काय सांगतो?

यंदा आम्ही तिघी जावांनी मिळून कुरडया घातल्या. तीन दिवस गहू भिजवले, चीक काढला, शिजवला आणि गच्चीवर जुनी लुगडी अंथरून सोऱ्यानं कुरडया पाडल्या. दुपारी तीनच्या सुमारास आभाळ भरून आलं. आम्ही जिना चढून वर पोहोचेपर्यंत सगळ्याचा लगदा झाला होता. सासूबाई पायरीवरच टेकल्या. म्हणाल्या, "आमच्या वक्ती चैतात वाळवन टाकलं की चिमण्या तेवढ्या हाकला लागत. आता आभाळाकडं पायत बसा लागते!"

आमचं नुकसान पाच किलो गव्हाचं. पण ज्यांचा गहू शेतातच आडवा होतो त्यांचं काय? २०१८ च्या फेब्रुवारीत जालना-बुलढाणा भागात गारपीट झाली, तेव्हा काढणीला आलेला गहू-हरभरा डोळ्यांदेखत झोपला. २०२३ च्या जुलैत आपल्याच जिल्ह्यातल्या संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत पाण्यानं घरंदारं वेढली. आणि एरवी उन्हाळ्यात याच जिल्ह्यात बायका टँकरची वाट पाहत हंडे रांगेत लावतात.

हे सगळं पृथ्वी तापल्यामुळे का? मैत्रिणींनो, घाईनं 'हो' म्हणू नका. अवकाळी पाऊस आजीच्या काळातही पडे. शितावरून भाताची परीक्षा होते, हवामानाची होत नाही. त्यासाठी पुष्कळ वर्षांचा हिशेब लागतो. असा एक हिशेब आपल्या जिल्ह्यातच जपून ठेवलेला आहे, लोणारच्या सरोवरात!

गुलाबी पाण्याचं कोडं

माझं माहेर मेहकरचं, त्यामुळे लोणार लहानपणापासून पायाखालचं. धारेवर स्नान करायचं, खाली उतरून कमळजादेवीचं दर्शन घ्यायचं आणि लवणासुराची गोष्ट ऐकत परत यायचं. हजारो वर्षांपूर्वी उल्का आदळून काळ्या खडकात सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा हा खड्डा पडला, हे पुढे शाळेत कळलं.

२०२० च्या जूनमध्ये टाळेबंदीत हे सरोवर एकाएकी गुलाबी झालं. देशोदेशी फोटो छापून आले. कुणी देवीचा कोप म्हणालं, कुणी पृथ्वी तापल्याची खूण म्हणालं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानंही दखल घेतली. पाण्याचे नमुने तपासल्यावर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं उलगडा केला. खाऱ्या पाण्यातच वाढणारे अतिसूक्ष्म जीव तिथे माजले होते आणि तो गुलाबी रंग त्यांचाच होता. पुढे ते तळाशी बसले आणि पाणी पूर्ववत झालं.

पाणी इतकं खारट झालं कसं? कढी फार वेळ उकळत राहिली तर आटते आणि खारट लागते, तसंच. लोणारला पाणी येतं पावसाचं आणि झऱ्यांचं. पण बाहेर जायला वाट नाही. जाते ती फक्त वाफ. पाणी आटलं की खार उरतो. आपल्या पापडखाराच्या जवळच्या नात्यातलाच तो, आणि एके काळी इथून तो काढून विकलाही जाई.

म्हणजे एका उन्हाळ्यातला गुलाबी रंग हा जग तापल्याचा पुरावा नव्हे. खरा पुरावा त्या रंगाखाली आहे, चिखलात.

मातीला पाऊस विचारायचा

आपल्याकडे मातीला पाऊस विचारायची रीत जुनीच आहे. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्यतृतीयेला घट मांडतात, तो तुम्हाला ठाऊकच असेल. पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यांवर पाण्याची घागर, तिच्यावर पापड, कुरडई, भजी, वडे. दुसऱ्या दिवशी पहाटे कोणतं ढेकूळ किती भिजलं ते पाहून भाकीत सांगतात. श्रद्धा आपल्या जागी. मात्र ते भाकीत पुढच्या पावसाचं. लोणारची माती मागचा पाऊस सांगते आणि तो प्रयोगशाळेत तपासून पाहता येतो.

भारतीय आणि जर्मन शास्त्रज्ञांनी लोणारच्या तळात नळी घालून सुमारे दहा मीटर लांबीचा चिखल अलगद वर काढला. वर्षावर्षाचा गाळ एकावर एक बसत गेलेला. डब्यात रचलेल्या पोळ्यांसारखा. सगळ्यांत खालचा थर अकरा हजार वर्षांहून जुना! पाणी फार आटलं की तळाशी एका खाराचे खडे बनतात. ते ज्या थरात सापडले, तो काळ अवर्षणाचा. २०१४ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पाऊस दीर्घकाळ रुसल्याचे दोन कालखंड दिसले : एक सुमारे ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीचा, दुसरा सुमारे २००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. पहिला काळ सिंधू संस्कृतीतली शहरं ओस पडायला लागली त्याच्या आसपासचा आहे. या दीर्घ अवर्षणांचं नातं शास्त्रज्ञांनी दूरच्या समुद्रातल्या उबदार पाण्याशी जोडलं आहे.

हे मी घरी सांगितलं तर धाकट्या जाऊबाई पटकन म्हणाल्या, "मग हवामान तर आधीपासूनच बदलत आलंय. आता एवढी काळजी कशाला?"

प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की, पूर्वीचे ते फेरे शतकानुशतकांचे होते. आताचा बदल आजी आणि नात यांच्या आयुष्यात मावतो. शिवाय याचं कारण माणसाला ठाऊक आहे. कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळल्यानं हवेत कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि पृथ्वीभोवतीची गोधडी जाड होते. उष्णता बाहेर पडत नाही. कारखाने येण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत हा वायू सुमारे २८० भाग होता. आता ४२० च्या वर गेला आहे. २०२४ हे मोजमाप सुरू झाल्यापासूनचं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं. कारखानदारीपूर्वीच्या काळापेक्षा सुमारे दीड अंशानं अधिक. भारताचं सरासरी तापमान १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०.७ अंशानं वाढलं.

अर्धा-पाऊण अंश म्हणजे कितीसा, असं वाटेल. पण मुलाचं अंग एका अंशानं तापलं तरी आपण रात्रभर उशाशी बसतोच ना! हवा एका अंशानं तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त वाफ मावते. म्हणून पाऊस बरेच दिवस दडी मारतो आणि आला की कोसळतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेच्या शास्त्रज्ञांना आढळलं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. पावसाळ्याचं एकूण पाणी मात्र वाढलं नाही. पाऊस तेवढाच, पण हप्ते बिघडले. महिन्याचा सगळा पगार एकाच दिवशी उडाला तर घर कसं चालेल, हे गृहिणीला वेगळं सांगायला नको.

आपल्या हातात काय?

थोडक्यात सांगायचं तर, पाऊस एकदम येतो, तेव्हा तो अडवून ठेवायचा. आपल्या जिल्ह्यानं हे मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं आहे. महामार्गांना लागणारी माती आणि मुरूम तलाव, नाले खोल करून घ्यायचा. रस्ताही होतो, पाणीही साठतं. याला 'बुलढाणा पॅटर्न' असं नाव पडलं. घरच्या पातळीवर हे करता येईल :

गच्चीचं पाणी गटारात न सोडता विहिरीकडे किंवा बोअरजवळच्या शोषखड्ड्याकडे वळवा; मध्ये वाळू-खडीचा थर हवाच. भाजी-तांदूळ धुतल्याचं पाणी परसातल्या झाडांना द्या. उन्हाळ्यापूर्वी गच्चीला पांढऱ्या चुन्याचे दोन हात द्या. खालची खोली कमी तापते. वैशाखात स्वयंपाक सकाळी दहाच्या आत उरका. कुकर आणि झाकणं वापरा, गॅसही वाचेल. म्हाताऱ्या माणसांना तहान लागली नाही तरी ताक, पन्हं, पाणी देत राहा. अंग तापून कोरडं पडलं, बोलण्यात भ्रम वाटला तर अंग ओल्या कपड्यानं पुसत ताबडतोब दवाखाना गाठा. आणि वाळवण हवामान खात्याचा अंदाज ऐकूनच घाला!

एवढ्यानं पृथ्वी थंड होणार नाही, हेही स्पष्ट सांगते. त्यासाठी कोळशाची वीज कमी करणं सरकारांच्या आणि मोठ्या देशांच्या हाती आहे. पण मत आपलंही आहे. मतं मागायला येणाऱ्याला रस्ता-नळासोबत तलावाचं आणि झाडांचंही विचारा.

पुढच्या खेपेला मुलांना घेऊन लोणारला जाईन, तेव्हा गोष्ट लवणासुराची सांगेनच. पण चिखलाचीही सांगेन. आपल्या वर्षांचा थरही त्यात बसतोच आहे. हजार वर्षांनी कुणी तो वर काढील, तेव्हा आपण काय केलं ते त्यात वाचता येईल.

कुरडयांचं म्हणाल, तर दोन दिवसांनी ऊन पाहून पुन्हा गहू भिजत घातले. या खेपेला सासूबाई स्वतः रेडिओ लावून बसल्या होत्या.