शेकोटी आणि संकोच

जानेवारी सरत आला की कॉलेजातील मुलामुलींचे घोळके खानापूर तालुक्याच्या वाटेला लागतात. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला ही ठरलेली ठिकाणे. मुक्काम म्हटला की शेकोटी आलीच. ज्या कणकुंबीला पावसाळ्यात छत्रीचाही उपयोग होत नाही, तिथले रान फेब्रुवारीत काडीच्या पेटीसारखे होते हे सहसा ध्यानात येत नाही. घाटापलीकडे, गोव्याच्या म्हादई अभयारण्यात २०२३ च्या मार्चमध्ये वणवे पेटले, तेव्हा नौदलाच्या हेलिकॉप्टरांतून पाणी ओतावे लागले होते.

मी विद्यार्थी असताना आम्ही चौघे मित्र असेच एका उतारावर राहिलो होतो. सकाळी निघताना राखेवर हात धरून एकजण म्हणाला, "अरे, आत धग आहे अजून." बस गाठायची होती. कुणी उत्तर दिले नाही, आणि तोही पुढे बोलला नाही. धग मलाही जाणवली होती. मी इतरांकडे पाहिले. सगळे निवांतपणे पिशव्या बांधत होते. चार मुठी माती टाकून आम्ही निघालो. दुपारी फाट्यावरून मागे पाहिले तर त्याच डोंगराच्या अंगावर धूर होता. तो आमच्या शेकोटीचा की आणखी कशाचा, हे कधीच कळले नाही. आम्ही विचारायलाही गेलो नाही.

त्या सकाळी आमची फसगत केली ती दवाने. गवत ओले, राख करडी, तेव्हा भीती कसली, असे वाटले. परंतु वाळलेले गवत आणि पाने हवेतील ओलावा तासाभरात घेतात आणि तितक्याच लवकर सोडतात. मनगटाएवढ्या लाकडाला त्यासाठी चार-पाच दिवस लागतात. म्हणजे सकाळी सातला ओलसर असलेले गवत अकराच्या उन्हात कडकडीत होते, आणि रात्रीचा ओंडका मात्र आत धुमसतच असतो. त्यातच दुपारी वारा सुटतो. सकाळी निरुपद्रवी दिसणारी शेकोटी दुपारी वणवा लावते ती अशी.

मातीचेही तेच. निखाऱ्यावर माती टाकली की आग दिसेनाशी होते, पण विझतेच असे नाही. माती पांघरुणासारखी ऊब धरून ठेवते, आणि जवळ वाळलेले मूळ असेल तर विस्तव त्यातून सरकत जातो. आमच्या आज्या रात्री चुलीतला निखारा राखेखाली झाकून सकाळी त्याच्यावरच चूल पेटवत. आम्ही नेमके तेच केले होते! खरा उपाय पाण्याचा. पाणी ओतावे, काठीने ढवळावे, पुन्हा ओतावे, चुरचुर थांबेपर्यंत. मग पालथा हात जवळ नेऊन पाहावा आणि ऊब लागली नाही तरच राखेला लावावा. त्या दिवसांत पुष्कळ नाले आटलेले असतात. विझवण्यापुरते पाणी शिल्लक नसेल तर पेटवूच नये. जागा उघड्या कातळाची असावी, चुलीला नाल्यातले ओले दगड घेऊ नयेत (आतल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतात), आणि गवताळ उतार तर टाळावाच. आग चढाकडे फार वेगाने धावते, कारण ज्वाला वरच्या गवतावर झुकून ते आधीच वाळवत जाते. २०१८ च्या मार्चमध्ये तामिळनाडूतील कुरंगणीच्या डोंगरात वणव्याने घेरलेल्या वीसहून अधिक पदभ्रमण करणाऱ्यांचा बळी गेला. तो वणवा शेकोटीचा होता असे मला म्हणायचे नाही. उतारावरची आग माणसाला पळू देत नाही, एवढेच.

हे ज्ञान काही दुर्मिळ नाही. आम्हा चौघांपैकी निदान दोघांना धग कळली होती. मग आम्ही गप्प का राहिलो?

१९६८ साली बिब लाताने आणि जॉन डार्ली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना खोलीत बसवून प्रश्नावली भरायला दिली आणि भिंतीतील झरोक्यातून धूर सोडला. एकटे बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी ७५ टक्क्यांनी बाहेर जाऊन धुराची खबर दिली. काहींच्या शेजारी मात्र धुराकडे मुद्दाम दुर्लक्ष करणारी दोन माणसे बसवली होती. अशा दहा जणांपैकी एकच उठला! बाकीचे डोळे चोळत, खोकत लिहीत राहिले. नंतर विचारता कुणी म्हणाले वाफ असेल, कुणी म्हणाले यंत्राचा बिघाड असेल. शेजाऱ्यामुळे आपण गप्प बसलो, हे त्यांना मान्य नव्हते. प्रत्येकजण दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून धोका मोजत असतो, आणि दुसरा त्याच्या चेहऱ्यावरून. आमच्या पिशव्या बांधणे हे त्यातलेच. मित्रांत आणखी एक भर पडते, ती 'भित्रा' म्हणून चिडवले जाण्याची.

सॉलोमन ॲश यांच्या १९५० च्या दशकातील प्रयोगांत याचा उताराही सापडतो. सगळा गट डोळ्यांदेखत चुकीचे उत्तर देत असता पुष्कळजण त्याच्यामागे जात; पण गटातील एकानेही खरे उत्तर दिले की असे मागे जाणे जवळजवळ पावपट उरे. म्हणूनच मला वाटते, पहिल्या बोलणाऱ्याइतकाच दुसरा महत्त्वाचा. "त्याचं बरोबर आहे, थांबा," एवढे मी म्हटले असते तरी पुरे होते.

बोलण्याचीही रीत आहे. "तुम्हाला अक्कल नाही का" म्हटले की भांडण होते आणि आग तशीच राहते. "मी पाणी आणतो, तू ढवळ" म्हटले की दुसऱ्याच्या हाताला काम लागते. त्याहून उत्तम म्हणजे सामानाची यादी करतानाच एकाला आगीचा कारभारी नेमणे. मग रात्री "आणखी लाकूड नको" म्हणणारा रंगाचा बेरंग करत नाही, आपले काम करत असतो. आणि खानापूर तालुक्यातच २०११ साली जाहीर झालेले भीमगड अभयारण्य आहे. अभयारण्याला धोका होईल अशा रीतीने आग पेटवणे किंवा जळती सोडणे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, हेही कारभाऱ्याला ठाऊक असावे.

गेल्या मार्चमधील सहलीला बसमध्ये चढतानाच पहिल्या वर्षाच्या एका मुलीने विचारले, "सर, गवत पार वाळलंय. शेकोटी नको ना या वेळी?" मागच्या बाकांवरून हुर्यो उठली. मी तोंड उघडण्याआधीच तिची मैत्रीण म्हणाली, "नकोच. मी बॅटरीचा कंदील आणलाय." त्या कंदिलाभोवती गाणी रात्री दीडपर्यंत चालली.