दुखणे दबते, किडनीचे काय?

नांदेडच्या मोंढ्यात सकाळी पोती उचलायला सुरुवात होण्याआधी हमाल चहाबरोबर एक गोळी घेतो. लातूर जिल्ह्यात सोयाबीन काढणीला निघालेली बाई भाकरीच्या फडक्यातच गोळ्यांची पट्टी गुंडाळून नेते. दसरा-दिवाळीनंतर उसाच्या फडावर गेलेल्या आमच्या माणसांच्या कोपीत मीठ-मिरचीच्या शेजारी हीच पट्टी असते. कशाची गोळी, असे विचारले तर उत्तर ठरलेले, ‘दुखण्याची’. तिचे नाव ठाऊक नसते, रंग मात्र ठाऊक असतो. दुकानदाराला रंग सांगितला की तो पट्टी कापून दोन-चार गोळ्या हातावर ठेवतो. असे आपल्या वस्तीत वर्षानुवर्षे चालले आहे. आमच्या घरातही हेच चालले, म्हणून आज या गोळीबद्दल चार शब्द स्पष्ट लिहिणे आम्हाला भाग वाटते.

डायक्लोफेनॅक, असिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, निमेसुलाइड, पायरॉक्सिकॅम ही या गोळ्यांतली नेहमीची औषधे. दुकानात ती निरनिराळ्या कंपन्यांच्या नावांनी मिळतात, पण घराणे एकच. जुनी अॅस्पिरिनही याच घराण्यातली, ती १८९९ पासून बाजारात आहे. ही औषधे काम कशी करतात, हे मात्र १९७१ साली इंग्लंडच्या जॉन व्हेन यांनी उलगडले आणि त्यासाठी त्यांना १९८२ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. शरीराला इजा झाली की त्या जागी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. त्यांच्यामुळे ती जागा सुजते, लाल होते, ठणकते. ही गोळी त्या द्रव्यांची निर्मिती रोखते. सूज उतरते, ठणका थांबतो, तापही कमी होतो.

ही औषधे म्हणजे विष, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. मुरगळलेला पाय, सुजलेला सांधा, दाढेचा ठणका, संधिवात यांत त्यांचा गुण मोठा आहे. पाळीच्या वेदना तर याच द्रव्यांमुळे होतात, म्हणून योग्य मात्रेत दोन-तीन दिवस घेतलेली गोळी बाईला खरा आराम देते. २००६ साली चिकुनगुन्याची साथ आली, तेव्हा ताप उतरूनही कित्येकांचे सांधे महिनोन्‌महिने आखडून राहिले. अशा माणसाला वेदनेत तडफडत ठेवणे हा काही शहाणपणा नव्हे. प्रश्न गोळी किती दिवस घेतली, कोणी घेतली आणि कोणत्या हालतीत घेतली, याचा आहे.

कारण ज्या द्रव्यांनी सांधा ठणकतो, तीच द्रव्ये शरीरात दुसरीकडे राखणदारीचे काम करतात. पोटात ती जठराच्या अस्तराला आम्लापासून जपतात. गोळीने ती थांबली की अस्तर उघडे पडते. आधी जळजळ होते, मग जखम होते आणि कधी त्या जखमेतून रक्त वाहू लागते. डांबरासारखी काळी शौचास होणे ही त्याची खूण. उपाशीपोटी गोळी घेऊ नये हे लोकांना माहीत आहे, पण जेवून घेतली म्हणजे धोका टळला, हा गैरसमज आहे. औषध रक्तात मिसळूनही जठराचे राखण काढून घेते. तंबाखू, दारू आणि वाढते वय यांची जोड मिळाली की धोका आणखी वाढतो.

दुसरी राखण किडनीची. अंगातले पाणी कमी झाले की किडनीकडे जाणारे रक्त कमी होते. अशा वेळी हीच द्रव्ये किडनीच्या रक्तवाहिन्या रुंद ठेवतात आणि तिचे काम चालू ठेवतात. पाणी भरपूर प्यायलेल्या, धडधाकट माणसाला दोन दिवसांच्या गोळ्यांनी बहुधा काही होत नाही. पण एप्रिल-मेच्या उन्हात घामाने निथळणाऱ्या, घोटभर पाण्यावर दुपार काढणाऱ्या मजुराने तीच गोळी घेतली, तर किडनीचा शेवटचा आधारही निघून जातो. आणि आमचा मुलूख कोणता? २०१६ च्या एप्रिलमध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तो! माणशी किती घागरी पाणी, याचा हिशेब जिथे करावा लागला, तिथे ही गोळी पुण्या-मुंबईच्या बंगल्यातल्यापेक्षा अधिक घातक ठरते. औषध तेच, पण ज्या अंगात ते जाते त्या अंगाची हालत वेगळी.

ही किडनीची गोष्ट कोणाला अतिशयोक्ती वाटत असेल, तर त्याने गिधाडांकडे पाहावे. गावाबाहेर टाकलेल्या ढोरावर उतरणारी गिधाडे आमच्या वाडवडिलांनी जवळून पाहिली आहेत. मेलेले ढोर ओढणे त्यांच्याच माथी मारलेले होते. ती गिधाडे १९९० नंतर भराभर नाहीशी झाली. कारण सापडले २००४ साली. जनावरांना दिलेले डायक्लोफेनॅक मेलेल्या ढोराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जात होते आणि काही दिवसांतच त्यांच्या किडन्या निकामी होत होत्या. २००६ साली सरकारने जनावरांसाठी हे औषध बंद केले. माणसाची किडनी गिधाडाइतकी नाजूक नाही हे खरे. पण औषधाचा मार कुठे बसतो, ते या पक्ष्यांनी जीव देऊन दाखवले.

तिसरी गोष्ट हृदयाची. या गोळ्यांनी रक्तदाब वाढतो, अंगावर सूज येते, आणि दीर्घकाळ मोठ्या मात्रेत घेतल्यास हृदयविकाराचा झटका व पक्षाघात यांचा धोका वाढतो. पोटाला सुरक्षित म्हणून गाजावाजा झालेले रोफेकॉक्सिब हे याच जातीचे औषध, याच कारणाने २००४ साली जगभरातून मागे घ्यावे लागले. निमेसुलाइड १२ वर्षांखालील मुलांना देण्यास २०११ पासून आपल्या देशात बंदी आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. आमचा माणूस ही गोळी हौसेने खातो काय? स्वीडनमधल्या हुस्कवार्ना गावचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. तिथल्या कारखान्यातले कामगार कामाचा वेग टिकवण्यासाठी फेनॅसेटिन असलेली वेदनाशामक पूड रोज घेत. वर्षानुवर्षे हे चालले आणि पुढे त्यांच्यात किडनी निकामी होऊन माणसे मरू लागली. हे औषध आपल्या गोळ्यांच्या घराण्यातले नव्हे, पण घेण्याचे कारण तेच. जगातल्या अनेक देशांनी ते बंद केले, भारतातही १९८३ साली त्यावर बंदी आली. तिकडे कारखाना होता, इकडे फड आहे आणि मोंढा आहे.

उसाच्या फडावर नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली. एक दिवस बसले तर खाडा पडतो आणि मुकादम पैसे कापतो. पाळीच्या दिवसांतही बाईला मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढावे लागते. ऊसतोड करणाऱ्या बायकांची गर्भाशये काढली जात असल्याचे प्रकरण २०१९ साली बीड जिल्ह्यात गाजले आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. ज्या व्यवस्थेत खाड्याच्या भीतीने बाई गर्भाशय गमावते, तिथे गोळीची काय कथा? विश्रांती मिळत नाही म्हणून गोळी घ्यायची, आणि गोळीने वेदना दबली म्हणून आणखी राबायचे. दुखणे ही शरीराची हाक आहे. ती हाक बंद होते, इजा मात्र चालूच राहते.

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना, १९४३ साली, कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे सोपवले गेले. त्यातूनच १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. कारखान्यातला विमाधारक कामगार आजारी पडला तर त्याला उपचार मिळतो आणि रजेच्या काळात मजुरीचा मोठा भागही मिळतो. शेतमजूर आणि ऊसतोड मजूर मात्र त्या कायद्याच्या दाराबाहेरच राहिले. आजारपणाची पगारी रजा त्यांना मिळाली नाही, म्हणून त्यांच्या हातात ‘दुखण्याची गोळी’ आली!

आणि इशारा? यांतल्या बहुतेक औषधांच्या पट्टीवर, नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नये, असा इशारा छापलेला असतो. पण तो इंग्रजीत, मुंगीच्या अक्षरात. ज्याला वाचता येते त्याला त्याची गरज कमी, आणि ज्याला गरज त्याला वाचता येत नाही. तो मराठीत, ठळक अक्षरात का असू नये?

तोवर आपणच आपली काळजी घेतली पाहिजे. गोळीचे नाव विचारा, रंगावर जाऊ नका. दोन वेगळ्या नावांच्या पट्ट्यांत एकच औषध असू शकते, म्हणून या घराण्यातल्या दोन गोळ्या एकत्र घेऊ नका. दोन-तीन दिवसांत दुखणे थांबले नाही तर डॉक्टरांना दाखवा. जुलाब-उलट्या होत असतील, लघवी कमी होत असेल, तर ही गोळी टाळा. बीपी, शुगर, दमा, अल्सर, हृदय किंवा किडनीचा आजार असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी ती मनाने घेऊ नये. बीपीच्या काही गोळ्या आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असताना ही तिसरी आली, की किडनीवर तिहेरी मार बसतो. डेंग्यूची शंका असेल तर या गोळ्यांनी रक्तस्रावाचे भय आहे. साध्या तापाला, अंगदुखीला पॅरासिटामॉल बरे. तेही मोठ्या माणसाने दिवसात ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्यांपेक्षा जास्त घेऊ नये, आणि दारू पिणाऱ्याने त्याहून कमी, नाहीतर यकृत जाते. गुडघा दुखत असेल तर याच औषधाचे मलम लावावे, ते रक्तात फार थोडे उतरते. पुडीत बांधून दिलेल्या बिननावाच्या गोळ्या तर हातात धरू नका, त्यांत स्टेरॉइडही असू शकते.

किडनी एकदा निकामी झाली की आठवड्यातून दोन-तीन वेळा डायलिसिस. सरकारच्या जीवनदायी योजनेची सुरुवात २०१२ साली ज्या आठ जिल्ह्यांत झाली, त्यांत नांदेड होते. आता ती महात्मा फुले यांच्या नावाने चालते आणि तीत डायलिसिसचा खर्च मिळतो. पण बुडालेली मजुरी कोण देणार? किनवटहून, मुखेडहून, देवणीहून येण्या-जाण्याचे भाडे आणि सोबत येणाऱ्याचा खाडा कोण भरणार?

म्हणून आमचे मागणे साधे आहे. फडावर आणि मोंढ्यात पिण्याचे पाणी व सावली द्या. आजारी मजुराचा आणि पाळीतल्या बाईचा खाडा धरू नका. दर हंगामात मजुरांचे रक्तदाब आणि किडनी तपासा. पट्टीवरचा इशारा मराठीत छापा. आणि आमच्या बांधवांना, आयाबहिणींना एवढेच सांगणे, की आज घरी गेल्यावर फडक्यातली ती पट्टी काढा आणि शिकणाऱ्या पोराकडून तिच्यावरचे नाव वाचून घ्या.