चुकायचंय? मग लॅबमध्येच!

रात्रीचे साडेअकरा. कोथरूडच्या रूमवर मॅगी थंड होत होती आणि माझा इंजिनीअरिंगवाला मित्र लॅपटॉपवर एका शाखेची लाइन मुद्दाम बंद करत होता. नेटवर्किंगच्या जॉबचा इंटरव्ह्यू चार दिवसांवर आलेला. ‘अरे, शाखा बंद पडेल ना!’ मी ओरडले. ‘पडू दे. लॅब आहे,’ तो म्हणाला. पण शाखा बंद पडलीच नाही. डेटा दुसऱ्या लाइनवरून वाहू लागला.

हा होता एसडी-वॅनचा डॅशबोर्ड. समजा, एका बँकेची एक शाखा लक्ष्मी रोडला, दुसरी बारामतीत, तिसरी कोल्हापुरात. प्रत्येकीकडे लीज्ड लाइन, ब्रॉडबँड, ४जी असे दोन-तीन रस्ते. पूर्वी एकेका राउटरवर जाऊन कमांड टाकाव्या लागायच्या. आता नियम एकाच ठिकाणी लिहायचे. कुठला रस्ता अडखळतोय हे राउटर सतत तपासतात आणि व्हिडिओ कॉलसारखा नाजूक डेटा चांगल्या रस्त्यानं नेतात. ‘सिस्को’नं २०१७मध्ये ‘व्हिप्टेला’ ही कंपनी ६१ कोटी डॉलरना घेतली, ती याच तंत्रासाठी. तिचा ‘व्हीमॅनेज’ डॅशबोर्ड आज ‘कॅटॅलिस्ट एसडी-वॅन मॅनेजर’ नावानं ओळखला जातो.

खरी गंमत पुढे झाली. मित्रानं तिन्ही शाखांसाठी एकच टेम्पलेट बनवलं. गेटवेचा पत्ता प्रत्येक शाखेचा वेगळा हवा. पठ्ठ्यानं तिघींना एकच दिला! एक क्लिक, आणि दोन शाखा लाल. या वेळी त्याचाही चेहरा पडला. पाचेक मिनिटांनी दोन्ही आपोआप हिरव्या झाल्या. डॅशबोर्डशी संपर्क तुटला, की राउटर थोडा वेळ वाट बघून जुन्या सेटिंगवर परत येतो.

इथे पाच मिनिटं गेली, ती आमची. पण बँकेच्या शंभर शाखांमध्ये भर दुपारी हेच झालं तर? एका क्लिकची सोय म्हणजे एका क्लिकची जोखीमसुद्धा.

तुम्हालाही हात साफ करायचाय? ‘सिस्को डेव्हनेट सँडबॉक्स’वर मोफत अकाउंट काढा. काही लॅब नुसत्या बघण्यासाठी असतात, काही वेळ बुक करून बदल करण्यासाठी. आधी एकाच शाखेवर बदल करून बघा, मग बाकीच्यांवर.

मित्रानं ती चूक वहीत लिहून ठेवलीय. इंटरव्ह्यूत ‘तुमची एखादी चूक सांगा’ असं विचारलंच, तर पाठ केलेलं उत्तर द्यायची गरज नाही.