रस्त्यावरून घरात आलेल्या कुत्र्याची झोप

रस्त्यावर वाढलेला कुत्रा घरात आणला की सुरुवातीच्या रात्री तो स्वस्थ झोपत नाही. घरभर फेऱ्या मारतो, दारापाशी उभा राहतो, डोळा लागताच दचकून उठतो, झोपेत विव्हळतो. जबलपूरहून कटनीकडे जाणाऱ्या महामार्गावरच्या पनागरसारख्या गावात याचे कारण दिवसभर डोळ्यांसमोर असते. तिथला कुत्रा दुपारच्या उन्हात दुकानाच्या फळीखाली झोपतो आणि रहदारी ओसरली की खाणे शोधतो, हद्द राखतो. माणसांची रात्र ही त्याची जागायची वेळ. घरात आल्याने ही सवय आपोआप बदलत नाही.

निरोगी प्रौढ कुत्रा दिवसरात्र मिळून साधारण १२ ते १४ तास झोपतो, तेही तुकड्यातुकड्यांनी. स्वप्नांच्या झोपेत बुबुळे फिरतात, पंजे हलतात, तोंडातल्या तोंडात भुंकणे चालते. यात काळजीचे काही नाही. बुडापेस्टच्या ओत्वोश लोरांद विद्यापीठातल्या संशोधकांनी पाळीव कुत्र्यांच्या डोक्यावर इलेक्ट्रोड लावून झोप मोजली. माणसाकडून आलेल्या बऱ्यावाईट अनुभवाने पुढच्या झोपेची घडण बदलते, असे त्यांना २०१७ साली दिसले. तेव्हा रात्रीच्या झोपेचा विचार दिवसाच्या वागणुकीपासून सुरू करावा लागतो.

त्याआधी मात्र आजार पाहायचा. फिट आली तर पाय ताठ होतात, लाळ गळते, लघवी होते आणि नंतर कुत्रा काही वेळ भांबावलेला राहतो. स्वप्नातून उठलेला कुत्रा लगेच भानावर येतो. डिस्टेंपरमधून वाचलेल्या कुत्र्याचा एखादा पाय किंवा जबडा ठरावीक लयीत उडत राहतो, आणि हे झटके जागेपणीही दिसतात. खरूज, गोचिड्या, जंत, जुन्या अपघाताचे दुखणे यांनीही झोप मोडते, आणि भटक्या कुत्र्यांत ही कारणे वरचेवर आढळतात. झटक्यांचा मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ डॉक्टरांना तोंडी वर्णनापेक्षा अधिक सांगतो. पनागरकरांना त्यासाठी फार लांब जावे लागत नाही: नानाजी देशमुख यांच्या नावाचे पशुवैद्यक विद्यापीठ जबलपुरातच आहे.

आजार नसेल तर उपाय बहुतेक जागेचा आणि वेळेचा असतो. अंथरूण येण्याजाण्याच्या वाटेवर नको. दोन बाजूंना भिंत असलेला, दार दिसणारा कोपरा त्याला मानवतो. पनागर ज्यात येते त्या महाकोशलातली थंडी बोचरी, म्हणून फरशीवर जाड पोते किंवा घोंगडी हवीच. पहिले काही दिवस घरातले कुणीतरी नजरेच्या टप्प्यात झोपावे. एकट्याला अंगणात बांधून ठेवले की तो रात्रभर राखणच करतो, आणि मग घरचे तक्रार करतात की हा झोपत नाही! संध्याकाळी रमतगमत मोठा फेरा, ठरल्या वेळी जेवण, निजण्यापूर्वी एकदा बाहेर नेणे, हा क्रम रोज तोच ठेवावा. वरातीच्या आणि फटाक्यांच्या रात्री खिडक्या लावून पंखा सुरू ठेवला तर आवाजाची धार कमी होते.

झोपेत ओरडणाऱ्या कुत्र्याला हात लावून उठवणे हे सगळ्यात धोक्याचे. लाथा खाल्लेला कुत्रा अर्धवट झोपेत स्पर्श होताच चावू शकतो. दुरून, हलक्या आवाजात हाक मारावी. लहान मुलांना त्याच्या अंथरुणापाशी जाऊ देऊ नये. चावलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन लगेच दवाखाना गाठावा. त्याला मारल्याने भीती वाढते. माणसांच्या झोपेच्या किंवा दुखण्याच्या गोळ्या मनाने देऊ नयेत. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन कुत्र्याला विषारी ठरू शकतात.

बरेच कुत्रे काही आठवड्यांत रुळतात, काही मात्र रुळत नाहीत. गल्लीत निश्चिंत पाय पसरून झोपणारा धडधाकट कुत्रा घरात आल्यावरच झोप गमावत असेल, तर त्याला घरात ठेवण्याचा हट्ट माणसाचा असतो. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ प्रमाणेही नसबंदी आणि लसीकरणानंतर रस्त्यावरचा कुत्रा त्याच्या मूळ जागीच सोडायचा असतो.