गुरूला प्रश्न विचारावा काय?

दरवर्षी आषाढी पौर्णिमेला आमच्या घरची सर्व मंडळी पहाटे आंघोळी उरकून पहिल्या एस.टी.ने महाराजांच्या मठात जातात. हा रिवाज माझ्या जन्माआधीपासूनचा आहे. आप्पा बाजार समितीत हमाली करतात; मजुरी बुडाली तरी चालेल, पण हा दिवस ते चुकवीत नाहीत. नारळ, शाल आणि दक्षिणा यांची तजवीज महिनाभर आधीच झालेली असते. लहानपणी मला मठातील आमटी-भात फार आवडे, आणि महाराजांच्या पायांचे तीर्थ घेताना कधी काही वावगे वाटले नाही.

बारावीनंतर माझ्या शिक्षणाचा प्रश्न निघाला, तेव्हा आप्पांनी तोही महाराजांपुढे ठेवला. महाराज क्षणभर डोळे मिटून बसले आणि म्हणाले, “शिकू दे पोरीला.” आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. म्हणजे मी आज या अंकात लिहिते आहे तेही एका अर्थी महाराजांच्याच शब्दामुळे. तेव्हा पुढील मजकूर वाचून मला कोणी कृतघ्न म्हटले तर माझ्याजवळ उत्तर नाही. परंतु त्याच दिवशी परतीच्या एस.टी.त एक विचार मनाला चाटून गेला. महाराज ‘नको’ म्हणाले असते तर? माझे गुण तेच राहिले असते, माझी हौस तीच राहिली असती, आणि मी मात्र आज चुलीपुढे असते.

गेल्या दिवाळीनंतर आईचा खोकला हटेना. सरकारी दवाखान्यात बेडका तपासला, तेव्हा क्षय निघाला. सहा महिन्यांच्या गोळ्या फुकट मिळाल्या. दोन महिन्यांत खोकला थांबला, अंगावर थोडे मांसही आले. मग ती मठात गेली. महाराजांनी अंगारा दिला आणि ‘आता गोळ्यांची गरज नाही’ असे सांगितले. आईने गोळ्यांची पाकिटे फडताळात ठेवून दिली. मला हे कळले तेव्हा पंधरा दिवस उलटून गेले होते.

याच सुमारास तत्त्वज्ञानाच्या सरांनी मला जे. कृष्णमूर्तींचे मेरी ल्युटेन्स यांनी लिहिलेले चरित्र वाचायला दिले. शब्दकोश शेजारी ठेवून मी ते वाचले. ती हकिगत थोडक्यात सांगते.

कृष्णमूर्तींचा जन्म १८९५ साली आंध्रातील मदनपल्ली येथे झाला. वडील थिऑसॉफिकल सोसायटीचे सभासद. १९०९ साली मद्रासजवळ अड्यारच्या समुद्रकिनाऱ्यावर लेडबीटर या पुढाऱ्याची दृष्टी या किडकिडीत मुलावर गेली आणि हाच भावी जगद्गुरूचे वाहन होणार असे त्यांनी ठरविले. ॲनी बेझंट यांनी त्याचा आणि धाकट्या भावाचा, नित्यानंदाचा, सांभाळ पत्करला. १९११ साली त्याच्यासाठी ‘ऑर्डर ऑफ द स्टार इन द ईस्ट’ ही संघटना निघाली. मुले परत मिळावीत म्हणून वडिलांनी मद्रासच्या न्यायालयात दावा लावला व जिंकला, पण १९१४ साली प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरवला. चौदा वर्षांच्या मुलाला देवत्व चिकटविण्यापूर्वी त्याला कोणी विचारले नव्हते, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

नित्यानंदाला क्षय झाला. अदृश्य सिद्धपुरुष त्याला मरू देणार नाहीत, अशी कृष्णमूर्तींची पक्की श्रद्धा होती. नोव्हेंबर १९२५ मध्ये ते हिंदुस्थानाकडे निघाले असता जहाजावर तार आली, की नित्यानंद कॅलिफोर्नियात वारला. त्या मजकुरावर मी बराच वेळ बोट ठेवून बसले. जगद्गुरूच्या सख्ख्या भावालाही क्षयाने सोडले नाही! तेव्हा क्षयावर औषधच नव्हते. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध पुढे १९४३ साली लागला. आमच्या घरी मात्र औषध फडताळात पडून होते.

३ ऑगस्ट १९२९ रोजी हॉलंडमधील ओमेन येथे, खुद्द ॲनी बेझंट आणि तीन हजारांहून अधिक अनुयायी समोर असताना, कृष्णमूर्तींनी ती संघटना विसर्जित केली. सत्याकडे कोणी कोणाला हात धरून नेऊ शकत नाही, आणि संघटना बांधली की माणसे तिच्या कुबड्या घेतात, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता. भेट मिळालेला वाडा आणि बरीचशी जमीन त्यांनी देणाऱ्यास परत केली. गंमत अशी, की त्यानंतरही १९८६ साली मृत्यू येईपर्यंत लोक त्यांना गुरू मानीतच राहिले. १९९१ साली त्यांच्या निकटच्या कुटुंबातील मुलीने पुस्तक लिहून त्यांच्या एका दीर्घकाळ झाकलेल्या खाजगी संबंधाचा दावा केला, तेव्हा पुष्कळांना धक्का बसला. ज्याने ‘मला गुरू मानू नका’ म्हटले, त्यालाही आपण माणूस राहू दिले नव्हते, हेच त्यातून दिसते.

मग माणसे विश्वास का ठेवतात? मला सुचलेली कारणे अशी. पहिले, पुष्कळ दुखणी आपोआप किंवा औषधाने उतरतात आणि श्रेय शेवटी भेटलेल्या माणसाला मिळते. आईला गुण गोळ्यांनी आला, नाव अंगाऱ्याचे झाले. दुसरे, खरा ठरलेला शब्द गावभर होतो; खोटा ठरलेला कोणी सांगत नाही, उलट ‘आपलीच भक्ती कमी पडली’ असे म्हणून दोष स्वतःकडे घेतो. म्हणजे महाराज चुकण्याची सोयच उरत नाही. तिसरे, वीस वर्षे ज्या पायांवर डोके ठेवले ते पाय साधे निघाले, हे मान्य करणे फार अवघड असते.

आणि साक्षात्काराचे काय? एखाद्याला अंतरी काय दिसले ते बाहेरून तपासता येत नाही, हे मला मान्य आहे. पण अंतरी काही दिसले म्हणून त्याला क्षयाचे ज्ञान होते, असे कसे म्हणता येईल? अनुभव तपासता येत नसला तरी सल्ला तपासता येतो.

आपल्याकडे असे प्रश्न विचारणारे झालेच नाहीत असे नाही. गाडगे महाराज (१८७६–१९५६) कीर्तनात समोरच्या श्रोत्यांनाच प्रश्न विचारून विचार करायला लावीत. कोणाला पाया पडू देत नसत आणि कोणाला शिष्यही करीत नसत. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला, त्याच महिन्यात जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे त्याने गुन्हा ठरविले. पण माझ्या आईला कोणी रोखले नव्हते. तिने आपल्या हाताने पाकिटे आत ठेवली होती.

शनिवारी मी घरी गेले. क्षयाचे जंतू अर्धवट औषधाने मरत नाहीत, उलट औषधाला दाद देईनासे होतात, हे मी तिला सांगून पाहिले. ती नुसती ऐकत होती. शेवटी मी म्हटले, “आई, महाराजांनीच मला शिकायला पाठवलं ना? मग मी जे शिकून आले, ते त्यांच्याच शब्दानं शिकले.” ती थोडी हसली आणि सोमवारी माझ्यासोबत दवाखान्यात आली. डॉक्टरांनी पुन्हा बेडका तपासला, खूप रागावले आणि उपचार पुन्हा सुरू केले. आता ती आधी गोळी घेते, मग अंगारा लावते.

आई गोळ्या घेते याचा आनंद आहे. परंतु मी तिला पटविले नाही. महाराजांचेच नाव पुढे केले, ही टोचणी आहे. आणि खरे सांगायचे तर, सरांनी दिलेले पुस्तक म्हणून मीही त्यातला शब्द न् शब्द आधी खराच मानला होता. गुरू बदलला, सवय तीच!

येत्या आषाढीला मी घरच्यांबरोबर मठात जाणार आहे. महाराजांना नमस्कार करीन, कारण त्यांचे माझ्यावर उपकार आहेत. मग गोळ्या का बंद करायला सांगितल्या, एवढेच विचारीन. आप्पांना हे अजून सांगितलेले नाही.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला